चौबळकाकांची बियास

जानेवारीतल्या एका आठवड्यात आमचे शेजारी अरविंद चौबळ यांनी फ्रीवेवरचा पादचारी पूल एकेचाळीस वेळा ओलांडला. बाहेर अडतीस डिग्री ऊन. काकांच्या डोक्यावर लोकरीची कानटोपी, गळ्यात मफलर, हातात काठी. कारण विचाराल तर त्या आठवड्यात ते हिंदुकुश पर्वतात होते. आमचं पॉइंट कुक पोळपाटासारखं सपाट आहे. चढ म्हणून काय तो हा एक पूल, तेव्हा हिंदुकुशाचं काम त्यालाच करावं लागलं.

“मम्मा, व्हाय इज काका वेअरिंग अ बीनी?” माझ्या मुलीने गाडीतून विचारलं.

“तिथे बर्फ आहे,” मी म्हटलं. तोवर मला सवय झाली होती.

चौबळकाका वय वर्षं चौसष्ट. हाडाने प्लॅनिंग इंजिनियर, म्हणजे काम दुसऱ्यांनी करायचं आणि ते कधी करायचं हे यांनी सांगायचं. पुणे, मग मस्कत, मग डार्विनला गॅसचा प्रकल्प आणि शेवटी मेलबर्नजवळचं हे पॉइंट कुक, असा त्यांचा प्रवास. प्रत्येक ठिकाणी भिंतीवर एक तक्ता लागायचा आणि तक्ता संपला की बिऱ्हाड उठायचं. “आधी रसद, मग शौर्य” हे त्यांचं ब्रीद. बार्बेक्यूला बोलावलं तरी हे वाक्य म्हणून आधी कोळसा मोजायचे.

निवृत्तीनंतर अलेक्झांडरच्या वाटेने जायचं हे त्यांचं वीस वर्षांचं वेड. सिकंदर म्हटलेलं त्यांना चालत नसे. “सिकंदर सिनेमातला. माझा अलेक्झांडर.” ग्रीसच्या वरच्या टोकापासून निघायचं, तुर्कस्तान, इजिप्त, इराण, अफगाणिस्तान करत पंजाबातल्या बियास नदीपर्यंत यायचं. बियासला त्याच्या सैन्याने पुढे यायला नकार दिला आणि जग जिंकायला निघालेला माणूस परत फिरला. काका मात्र तिथेच थांबणार होते, कारण त्यांच्या तक्त्यात बियाससमोर एक शब्द लिहिलेला होता: नीला.

नीलाकाकूंनी या मोहिमेतला तेवढाच भाग मान्य केला होता. “वाळवंटं तुमची तुम्ही करा. मी विमानाने अमृतसरला येईन आणि तिथून टॅक्सीने नदीवर. येताना डबा आणीन.”

“बाकीच्या वाटेचं त्यांना विचारलंत तरी का?” मी एकदा म्हटलं होतं.

“विचारायचं काय त्यात? सैन्याला कोणी विचारतं?” काका म्हणाले आणि मोठ्याने हसले. काकू चहा गाळत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण त्याकडे तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंसुद्धा.

वीस सालच्या मार्चमध्ये काकू पुण्याला गेल्या. आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, सहा आठवड्यांचं काम. जाताना त्यांनी सहा आठवड्यांचं जेवण डब्यांत भरून फ्रीझरमध्ये रचलं. सोललेल्या वालांचं बिरडं, कोलंबीचं कालवण, प्रत्येक डब्यावर वार. त्या उतरल्या आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जगाची दारं बंद झाली. काकांनी ते सहा आठवड्यांचं जेवण सहा महिने पुरवलं. अर्धा डबा, कधी पाव डबा. “रसद,” ते म्हणायचे. मग ते टोस्टवर आले.

त्या वर्षी इथे काय होतं ते ज्यांनी भोगलं त्यांनाच ठाऊक. घरापासून पाच किलोमीटर, दिवसातून एक तास, आठच्या आत घरात. टीव्हीवर रोज एक गृहस्थ येऊन आपण सगळे यात एकत्र आहोत असं सांगायचे. माझे बाबा नाशिकला गेले तेव्हा मी याच स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर त्यांची चिता बघितली आणि नऊ वाजता ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसले. मॅनेजर म्हणाला, टेक इट ईझी. त्याच आठवड्यात समोरून चौबळकाका छाती काढून चालत गेले आणि मला ओरडून म्हणाले, “मंजिरी, आज निघालो! मॅसेडोनिया सोडला!”

मला त्यांचा इतका संताप आला की मी पडदा ओढून घेतला. लोक मरतायत आणि हा माणूस राजा-राजा खेळतोय.

खेळ पण कसा, तर इंजिनियरचा. दिवसाला पाच किलोमीटरच्या हिशेबाने अलेक्झांडरची वाट संपायला दहा-अकरा वर्षं लागली असती. म्हणून त्यांनी प्रमाण काढलं, एकास दहा. पॉइंट कुकमधला एक किलोमीटर म्हणजे अलेक्झांडरचे दहा. काळालाही तोच नियम. टायर शहराचा वेढा सात महिने चालला होता, तर काका तीन आठवडे आमच्या तळ्याभोवती घिरट्या घालत राहिले, एक पाऊल पुढे नाही. बदकं त्यांना ओळखायला लागली. एकदा पोलिसांनी अडवलं.

“व्हॉट्स युअर रीझन फॉर लीव्हिंग होम, मेट?”

“एक्सरसाइज.”

“व्हेअर आर यू हेडेड?”

“इजिप्त.”

पोलिसाने मास्क वर ओढला. “इज दॅट विदिन फाइव्ह केज?” केज म्हणजे किलोमीटर.

“ऑन माय स्केल, येस.”

“नो वरीज देन,” म्हणून त्याने सोडून दिलं. हे काका चार-चारदा सांगायचे, आणि प्रत्येक वेळी पोलिसाच्या हुद्द्यात वाढ व्हायची. शेवटी शेवटी तो कमिशनर झाला होता.

त्यांच्या बुटांचं नाव ब्युसेफॅलस. हे अलेक्झांडरच्या घोड्याचं नाव, तो झेलमच्या काठी मेला. काकांच्या बुटांचा तळ झेलमच्या अलीकडेच फाटला होता, पण इतिहासाला धरून नाही म्हणून त्यांनी नऊ दिवस ते टेपने बांधून ओढले. झेलमला पोचल्यावर मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली खड्डा करून बूट पुरले. मला कुंपणावरून हाक मारून दोन मिनिटं शांत उभं केलं. मी उभी राहिले. बाबांच्या वेळेला मला कुणी असं उभं केलं नव्हतं.

म्हणजे राग ओसरत चालला होता म्हणा. त्याची सुरुवात झेलमच्याही आधी, त्या कोकम सरबताच्या दिवशी. फेब्रुवारी, पुन्हा ऊन, काका बल्खच्या पुढच्या वाळवंटात. घामाने निथळत घरी येत होते, चेहरा जांभळा. मी कुंपणावरून पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला, डोळ्यांसमोर धरला आणि सावकाश माझ्याच कोथिंबिरीच्या वाफ्यात ओतून टाकला.

“काका!”

“वाळवंटात त्याला शिरस्त्राणातून पाणी आणून दिलं होतं. त्यानं ओतलं. सैन्य तहानलेलं असताना सेनापतीनं प्यायचं नसतं.”

“अहो, पण सैन्य कुठाय?”

काकांनी खरोखर मागे वळून रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर कचऱ्याचे पिवळे डबे सोडून काही नव्हतं.

“येतंय मागून,” ते म्हणाले.

मग माझ्या ध्यानात आलं की काका मधूनच मुक्काम करतात. समरकंदला बारा दिवस. का, तर “तुकड्या थकल्यात.” तक्षशिलेला तीन आठवडे. का, तर “वाटाघाटी.” मी सहज काकूंच्या तिकिटांशी ताडून बघितलं. ज्या आठवड्यात विमान रद्द झाल्याचा मेल आला, त्याच आठवड्यात सैन्य थबकलं होतं. काकू ज्या दिवशी उतरतील त्याच दिवशी बियासला पोचायचं हा त्यांचा बेत होता. बियास म्हणजे आमच्याकडचा स्केलेटन क्रीक, त्यावरचा लाकडी पूल. विमान पुढे ढकललं की नदी पुढे ढकलायची. माणसाने सरकारवर रागवावं, एअरलाइनला फोन करून शिव्या द्याव्यात. यांनी फक्त चाल कमी केली.

एकवीसच्या मे महिन्यात तर कमाल झाली. तिकडे प्राणवायूसाठी माणसं तडफडत होती आणि इकडे आपल्याच नागरिकांना सांगितलं गेलं की भारतातून परत याल तर तुरुंगात जाल. ज्या पासपोर्टसाठी आम्ही क्रिकेटचे प्रश्न पाठ करून परीक्षा दिल्या होत्या तो पासपोर्ट. त्याच दिवसांत काकूंची आई गेली. खुबा बरा झाला होता. दुसऱ्या लाटेत चार दिवसांत आटोपलं. काकूंनी एकटीने सगळं केलं.

तेराव्याला काका कुंपणापाशी आले. दाढी वाढलेली, पण चेहऱ्यावर काहीतरी चांगलं काम केल्याचं समाधान.

“बोललो नीलाशी. सांगितलं तिला, चिनाब ओलांडली.”

“तेवढंच?”

“मग? आता रावी आणि बियास, दोनच नद्या राहिल्या. धीर आला असेल तिला.”

मी त्याच वेळी म्हणायला हवं होतं की काका, परत फोन लावा आणि ती जेवली का ते विचारा. मी म्हटलं नाही. मला मीटिंग होती.

नोव्हेंबरात दारं उघडली. विमानं सुटली, माणसं विमानतळावर गळ्यात गळे घालून रडताना टीव्हीवर दिसू लागली. काका रावी ओलांडून क्रीकच्या अलीकडे तळ ठोकून होते. रोज जायचे, पुलाच्या तोंडाशी बाकावर बसायचे, परत यायचे. घर धुऊन काढलं होतं. पडदे वाळत घातलेले मी स्वतः बघितले. काकूंनी फक्त तारीख कळवायची राहिली होती.

एका दुपारी माझा फोन वाजला. पुण्याहून काकू.

“मंजिरी, मी येत नाहीये गं.”

“परत रद्द झालं का विमान?”

“विमान आहे. मीच येत नाहीये. काल सांगितलं त्यांना.”

काकू शांतपणे बोलत होत्या, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशा. “मस्कतला घर लावलं, उचललं. डार्विनला लावलं, उचललं. आपण निघालोय हे मला दर वेळी भिंतीवरचा तक्ता बघून कळायचं. माझी शाळेतली नोकरी सोडली तेव्हा म्हणाले, दोन वर्षांत परत येऊ. छत्तीस वर्षं झाली. भांडण नाही माझं. माणूस वाईट नाही. पण मी दमले. इथे सकाळी सोसायटीतल्या मुलांना संस्कृत शिकवते. कुणी नीलाताई म्हणून हाक मारली की अजून मला क्षणभर कळत नाही की आपल्यालाच. तिथे मी चौबळांची मिसेस.”

मी चिनाबचं सांगितलं. त्यांना काय म्हणायचं होतं, दोनच नद्या म्हणजे काय, मुक्काम कशासाठी पडायचे, सगळं घाईघाईने सांगितलं.

“कळलं होतं गं मला,” काकू म्हणाल्या. “ते काय बोलतात त्याचा अर्थ मला कळतोच. पण दर वेळी तो मीच लावायचा. आई गेली तेव्हासुद्धा मीच लावायचा? तू आता वाईट वाटून घेऊ नकोस. ते जेवतात का तेवढं बघ.”

तीन दिवस काकांचं दार उघडलं नाही. डाळ-भात नेऊन पायरीवर ठेवला तर रात्री तसाच. दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर टकटक केली. आतून “ठीक आहे” असा आवाज आला, खर्जातला. चौथ्या दिवशी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते कुंपणापाशी आले.

“तुला नीलानं सांगितलंय, मला माहितेय.”

“काका, मी...”

“बियासला सैन्य अडून बसलं तेव्हा तो तीन दिवस तंबूत जाऊन बसला. वाटलं असणार, येतील समजूत काढायला. कोणी आलं नाही.” काका कुंपणाच्या फळीवरचा रंग नखाने काढत होते. “आठ वर्षं चालवलं होतं त्यांना. बूट राहिले नव्हते पायात. पुस्तकात एक सरदार उभा राहून बोलतो, तुम्हाला पुढे जायचंय ते कळतं, पण आम्हाला आमची घरं बघायची आहेत. मी ते पान शंभरदा वाचलंय गं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, भेकड लेकाचे.”

नखाला चिकटलेला रंगाचा पापुद्रा त्यांनी झटकला.

“मग त्यानं शकुन बघितले. म्हणाला, शकुन वाईट आहेत, मीच परत फिरतो. लोक म्हणतात स्वतःची अब्रू राखायला. असेल. पण ते सैन्य पळून आलं असं गावात कुणी म्हणू शकलं नाही, हे पण खरं ना?” मग एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाले, “रविवारी फराळाला येणारेस ना? माझ्याकडे चिवड्याचं काम आहे. मीठ कधी घालायचं?”

फराळ म्हणजे पार्कातला, दिवाळी होऊन दहा-बारा दिवसांनी. दोन वर्षांनी माणसं माणसांना भेटत होती. सगळ्यांच्या अंगावर दोन वर्षांपूर्वीचे कपडे, आणि ते आता बसत नव्हते. कोण गेलं, कोण वाचलं, कुणाचा जॉब गेला याची विचारपूस झाली आणि मग बायका मोकळ्या झाल्या. मला माहीत होतं काय होणार. आई गेली, दारं उघडली, विमानं आहेत, मग बाई नवऱ्याकडे का येत नाही? आमच्या लोकांना एवढा धागा पुरतो, साडी ते स्वतः विणतात.

शुभदा आमच्या मंडळाची सर्वेसर्वा. तिने सगळ्यांदेखत विचारलं, “काय काका, बॉर्डर उघडली! काकूंचं तिकीट कधीचं?”

काका ताटलीत चकली घेत होते. त्यांनी ती नीट ठेवली आणि पार्कात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मीच नको म्हटलंय तिला.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला आता एकट्याची सवय झाली. माझे नकाशे आहेत, माझं चालणं आहे. घरात दुसरं माणूस झेपायचं नाही. ती येते म्हणत होती, मी म्हटलं, राहा तिकडेच.”

काकांना आयुष्यात कधी खोटं बोलता आलं नव्हतं. पोलिसाचा कमिशनर करणं वेगळं. हे ते घोकून आले होते. पण बायकांना तेवढी पारख करायला वेळ नव्हता. कुणाच्या हातातला लाडू खाली पडला. मग सुरू झालं. “छत्तीस वर्षं त्या बाईने धुणी धुतली यांची.” “आई गेली तेव्हा तरी गेला का हा माणूस?” जायला विमान कुठे होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण आठवण कुणालाच नव्हती. “बिचाऱ्या नीलाकाकू.” “बिचाऱ्या गं.” आमच्यात बिचारी ही पदवी सहजासहजी मिळत नाही. पाच मिनिटांपूर्वी त्याच काकूंना काय काय म्हणायची तयारी चालली होती ते मी त्यांच्या डोळ्यांत वाचलं होतं.

माझा जीव नुसता जळत होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात काका चहाच्या थर्मासपाशी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. कप भरता भरता, माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “तूही बोल काहीतरी.”

“मी नाही बोलणार.”

“सगळ्या बोलतायत. तू शेजारी राहतेस. तू एकटी गप्प राहिलीस तर शुभदाच्या ध्यानात येईल. ती हुशार आहे.”

आणि कप घेऊन ते चार पावलं लांब, झाडाखाली जाऊन उभे राहिले. शुभदा खरंच माझ्याकडे बघत होती. “मंजिरी, तू तर रोज बघतेस त्यांना. तुला काय वाटतं गं?”

मी चहाचा घोट घेतला. तो पोळला.

“काय वाटायचंय,” मी म्हटलं. “माणूसच तऱ्हेवाईक. काकू सुटल्या.”

काकांना ऐकू गेलं. जाईल एवढ्याच अंतरावर ते उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, वाट विचारल्यावर कुणी बरोबर सांगितली की आपण हलवतो तशी, आणि ताटलीतली चकली मोडून खायला लागले.